फ्लॉपी नावाची वाघीण

संगणकावर एखादी गोष्ट जपून ठेवायची असली की आजही कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये आपण एका छोट्या चौकोनी चित्रावर क्लिक करतो. ते चित्र साडेतीन इंची फ्लॉपीचं आहे. आज कॉलेजात असणाऱ्या बहुतेकांनी ही वस्तू प्रत्यक्ष हातात धरलेली नाही. त्यामुळे 'कुणीतरी सेव्हच्या बटणाची थ्रीडी प्रिंट काढली वाटतं' हा विनोद अजून चालतो. त्यातला खरा विनोद मात्र वेगळाच आहे. जपण्याचं चिन्ह म्हणून जी वस्तू साऱ्या जगात अजरामर झाली, ती जपण्याच्या कामी सगळ्यात बेभरवशाच्या वस्तूंपैकी एक होती.

फ्लॉपीबद्दल आपल्याकडे दोन प्रकारे बोललं जातं. एक सूर हळवा असतो. ड्राइव्हची खरखर, निळ्या-काळ्या चकत्या, शाळेच्या लॅबबाहेर काढून ठेवलेल्या चपला. दुसरा सूर तुच्छतेचा. एका फोटोलाही न पुरणारी जागा, आणि त्यावर लोक अख्खी ऑफिसं चालवायचे म्हणे! दोन्ही सुरांत एक प्रश्न राहून जातो. ज्या दहा-पंधरा वर्षांत मराठी मजकूर शिशाच्या खिळ्यांवरून संगणकावर आला, त्या वर्षांतला मजकूर आज कुठे आहे? छापील कागद असेल कुठेतरी. पण जो मजकूर एकदा टाइप झाला, तपासला गेला, दुरुस्त झाला, त्याच्या फाइलींचं काय झालं?

माझं म्हणणं थोडक्यात असं : फ्लॉपी वाईट नव्हती. ती वाहून नेण्यासाठी होती आणि आपण तिला साठवण्यासाठी वापरलं.

वाघीण आणि गोदाम

मी कुर्डुवाडीचा. आमचं गाव माहीत असतं ते जंक्शन म्हणून. मुंबई-सोलापूर हा जीआयपी रेल्वेचा ब्रॉडगेज मार्ग, रुळांतलं अंतर साडेपाच फूट. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज गाडी इथून बार्शीला धावू लागली. पुढे ती लाइन एका बाजूला पंढरपूर आणि मिरजेपर्यंत, दुसऱ्या बाजूला लातूरपर्यंत गेली. बार्शीचा कापूस मुंबईला जायचा, तर नॅरोगेजच्या डब्यांतून उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यांत भरावा लागे. मालाच्या डब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात. या वाघिणीतून त्या वाघिणीत माल चढवणं, ही आमच्या स्टेशनाची कित्येक दशकांची हमाली.

वाघीण हे गोदाम नसतं, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वाघिणीत माल चार दिवस राहील, आठ दिवस राहील. कायमचा राहायला लागला, तर तो कुजतो तरी, नाहीतर एक दिवस ती लाइनच उखडली जाते. आमची नॅरोगेज या शतकाच्या पहिल्या दशकाच्या आसपास टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. त्या वेळी एखाद्या वाघिणीत कुणाची पोती राहून गेली असती, तर पोती शाबूत असूनही ती हलवायला रूळ उरले नसते.

फ्लॉपीचा जन्मही वाहतुकीसाठीच झाला. १९७१मध्ये आयबीएमने आठ इंची चकती आणली ती कुणाच्या कादंबऱ्या साठवायला नव्हे. सिस्टिम ३७० मालिकेतल्या संगणकांना लागणाऱ्या अंतर्गत सूचना गिऱ्हाइकापर्यंत स्वस्तात आणि टपालाने पोचवायला काहीतरी हवं होतं. पाकिटात घालून पाठवता येईल अशी लवचीक चकती, म्हणून 'फ्लॉपी'. मग १९७६मध्ये शुगार्ट कंपनीची सव्वापाच इंची चकती आली, ऐंशीच्या दशकात सोनीची साडेतीन इंची. १९८७पासून तिचं १.४४ एमबीचं रूप रूढ झालं. आकार घटत गेला, कवच कडक झालं, पण आतली चकती लवचीकच राहिली.

दगा नेमका कुठे होतो

साडेतीन इंची फ्लॉपीच्या आत प्लॅस्टिकची पातळ फिरकी असते, तिच्यावर चुंबकीय कणांचा लेप. प्रत्येक बाजूला ८० गोल पट्ट्या, म्हणजे ट्रॅक. प्रत्येक ट्रॅकचे १८ तुकडे, म्हणजे सेक्टर. प्रत्येक सेक्टरात ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट होतात.

जुन्या मराठी फाँटमध्ये अक्षराच्या एका अवयवाला साधारण एक बाइट लागायचा. त्या हिशोबाने अगदी थोड्या ओळींची कविता एका सेक्टरात मावते. एक सेक्टर म्हणजे एक छोटी कविता, हे प्रमाण लक्षात ठेवा.

हार्ड डिस्कमध्ये वाचणारं हेड चकतीच्या वर बारीकसं अंतर राखून तरंगतं. फ्लॉपीत ते चकतीला टेकलेलं असतं. म्हणजे प्रत्येक वाचन हे थोडंसं घासणं असतं. लेप सुटू लागला की त्याचे कण हेडला चिकटतात आणि तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे काढतं. एक खराब फ्लॉपी ड्राइव्ह बिघडवते आणि तो ड्राइव्ह आणखी चार फ्लॉप्या. जुन्या फ्लॉप्या वाचणारे लोक एकेका चकतीनंतर हेड पुसून घेतात, ते यामुळे. त्यात आपलं हवामान. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात चकतीवर बुरशी धरते. आमच्याकडे माढा तालुक्यात दमटपणा कमी, पण धूळ भरपूर, आणि मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवलेल्या फ्लॉपीचं काय होत असेल, याची कल्पना करा.

दुसरा दगा कमी माहितीचा आहे. ट्रॅक इतके जवळ असतात की इंचभरात १३५ बसतात. एवढ्या बारीक पट्ट्यांवर हेड नेणारी मोटर आंधळी असते. ती शून्यापासून पावलं मोजत जाते, आपण ट्रॅकच्या बरोबर मधोमध आहोत की नाही हे तिला कळत नाही. एखाद्या ड्राइव्हचं हेड जरासं सरकलेलं असलं, तर तो स्वतःच लिहिलेलं नीट वाचतो, कारण चूक दोन्ही वेळा सारखीच. तीच फ्लॉपी दुसऱ्याच्या ड्राइव्हमध्ये घातली की 'सेक्टर नॉट फाउंड'. कंपोझिंगवाल्याकडे चाललेली फाइल प्रेसमध्ये चालत नाही, आणि दोघेही खरं बोलत असतात.

तिसरा दगा आतल्या रचनेचा. कुठली फाइल कुठल्या सेक्टरांत आहे, याची यादी चकतीच्या अगदी सुरुवातीला असते. तिच्या दोन प्रती असतात हे खरं, पण त्या एकमेकींना लागून. पहिला ट्रॅक गेला की दोन्ही बरोबर जातात. घराची चावी आणि तिची जोडचावी एकाच किल्लीच्या कडीत अडकवावी, तसं हे. शिवाय प्रत्येक सेक्टरासोबत एक पडताळणीचा आकडा असतो. त्यावरून चूक झाली आहे एवढं कळतं, बरोबर काय होतं ते कळत नाही. सीडीत चूक दुरुस्त करण्याची सोय होती, फ्लॉपीत फक्त ओळखण्याची. म्हणून मग पडद्यावर तो प्रश्न यायचा : 'अ‍ॅबॉर्ट, रिट्राय, फेल?' सोडून द्यायचं, पुन्हा बघायचं, की हरलो म्हणायचं. तिन्ही पर्यायांत मजकूर परत मिळण्याची हमी नाही.

सात तुकडे की सात प्रती

नव्वदीच्या दशकात पुस्तकाची किंवा दिवाळी अंकाची पेजमेकरची फाइल चित्रांसकट १.४४ एमबीत बसत नसे. मग ती दाबून, तुकडे करून पाच-सात फ्लॉप्यांवर घ्यायची. इथे साधं गणित आहे. समजा, एक फ्लॉपी वाचली जाण्याची शक्यता ९५ टक्के आहे. सात फ्लॉप्यांवर एकच फाइल तोडून ठेवली, तर सातही वाचल्या जाण्याची शक्यता उरते जेमतेम ७० टक्के. एक बिघडली की बाकीच्या सहा निरुपयोगी. याउलट सात फ्लॉप्यांवर एकाच छोट्या फाइलीच्या सात प्रती ठेवल्या, तर सातही एकदम जाण्याची शक्यता जवळपास शून्य.

चकत्या त्याच, बिघडण्याचं प्रमाण तेच. फरक पडला तो मांडणीमुळे. म्हणजे भरवसा हा वस्तूचा गुण कमी आणि ती वापरण्याच्या पद्धतीचा जास्त असतो.

हे पटायला एक चांगलं उदाहरण आहे. बोइंग ७४७-४०० या विमानांच्या दिशादर्शनाची माहिती कित्येक वर्षं दर २८ दिवसांनी साडेतीन इंची फ्लॉप्यांवरून भरली जात असे. विमानासारख्या ठिकाणी फ्लॉपी चालली, कारण तिथे ती वाघीण होती. ताजा माल घ्यायचा, पोचवायचा, महिन्याभरात नवा आणायचा. तिच्यावर वीस वर्षांपूर्वीचा एकमेव मजकूर कुणी ठेवला नव्हता.

आपल्या छपाईच्या धंद्यात नेमकं उलटं झालं. हार्ड डिस्कची जागा मोलाची, म्हणून अंक छापून झाला की मशीनवरची फाइल उडवायची आणि फ्लॉपीवरची प्रत 'ठेवून द्यायची'. पुढचं काम आलं आणि कोरी फ्लॉपी नसली, तर ठेवलेल्यांतलीच एखादी फॉरमॅट करायची. ऑपरेटरला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला पैसे पानावर मिळत होते, जतनावर नाही. प्रकाशकाच्या लेखी फाइल म्हणजे इमारतीभोवतीची परांची. स्लॅब पडला की बांबू सोडवून घ्यायचे.

डब्यातला मजकूर

आमच्या भागातल्या एका बंद पडलेल्या डीटीपी सेंटरचा फ्लॉप्यांचा डबा वर्षभरापूर्वी माझ्याकडे आला. लेबलांवर बॉलपेनने लिहिलेलं : 'पतसंस्था अहवाल', 'लग्नपत्रिका', 'स्मरणिका फायनल', 'स्मरणिका फायनल नवीन'. यूएसबीला लावायचा ड्राइव्ह आणला आणि एकेक घालून पाहिली. काही झटक्यात उघडल्या, काहींनी नुसतीच खरखर केली, काही अर्ध्यापर्यंत आल्या. त्यात एका शिक्षकांच्या कवितासंग्रहाच्या फाइली होत्या. प्रत्येक कवितेची वेगळी, एकेका पानाएवढी.

फाइल उघडली. पडद्यावर एकही मराठी अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, चिन्हं, आकडे.

हा दगा चकतीचा नाही, फाँटचा आहे. त्या काळातल्या बहुतेक फाँटमध्ये देवनागरी ही नुसती वरची रंगरंगोटी होती. खाली इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवले जात. सर्वांना माहीत असलेल्या कृतिदेव फाँटचं उदाहरण घ्या. त्यात 'मराठी' हा शब्द फाइलीत असतो तो ई, जे, के, कॅपिटल बी, एच असा. फाँट असेल तर 'मराठी' दिसतं, नसेल तर अर्थहीन पाच अक्षरं. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून फाइलीतही आधी येते, युनिकोडमध्ये ती 'क'च्या नंतर. रफाराचं याच्या उलट. त्यामुळे एका पद्धतीतून दुसरीत नेताना वेलांट्या आणि रफार हमखास भरकटतात. आणि हा एक फाँट झाला. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे आयएसएम फाँट, प्रत्येकाची साठवण्याची रीत वेगळी.

प्रमाण पद्धत नव्हती असं नाही. देवनागरीसह भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे भारतीय मानक १९८८मध्ये तयार झालं, १९९१मध्ये सुधारलं गेलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती आणि तिची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली होती. पण घराघरातल्या संगणकांवर युनिकोड मराठी चालू लागली ती विंडोज २००० आणि एक्सपीनंतर. मधल्या दहाएक वर्षांत मराठी मजकूर कित्येक वेगवेगळ्या गेजांच्या रुळांवर धावत होता आणि त्यांच्यामध्ये कुर्डुवाडीसारखं माल उतरवून घेण्याचं जंक्शन नव्हतं.

कोणत्या अक्षराचं काय होतं याची तक्ता-जुळणी करून त्या शिक्षकांच्या बऱ्याच कविता मी वाचण्याजोग्या केल्या. संग्रह छापलेला आहे, गावातल्या वाचनालयात त्याची प्रत आहे. ताडून पाहिलं तर फाइलींमध्ये तीन कविता जास्त निघाल्या. पानं वाढत होती म्हणून वगळल्या असतील, कवीलाच नको वाटल्या असतील, कळायला मार्ग नाही. त्यातल्या दोन पूर्ण आहेत. तिसरीचा पहिला सेक्टर वाचला जातो, दुसरा जात नाही. लांब कविता होती. आता तिचा पूर्वार्ध आहे आणि त्यापुढे ५१२ बाइटची मोकळी जागा.

ही कविता थोर होती असा माझा दावा नाही. पण वगळलेली कविता आणि उरलेला संग्रह यांच्यातला फरक वाचणं हेच तर समीक्षेचं काम. हस्तलिखितांच्या काळात कवीच्या खोडाखोडी वहीत राहायच्या. टंकलिखितावरही शाईने केलेल्या दुरुस्त्या दिसायच्या. डीटीपीच्या काळातले आधीचे खर्डे आपण कुठून आणणार?

मोल्सवर्थ सापडतो

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ची दुसरी आवृत्ती, आज फोनवर शब्द टाकून शोधता येतो. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात छापील पानांवरून तो आणून ठेवला आहे. खिळे जुळवून छापलेल्या कोशातला 'वाघूर' शब्द मला काही सेकंदांत मिळतो. १९९७मध्ये संगणकावरच टाइप झालेल्या एखाद्या अनियतकालिकातला शब्द शोधायचा, तर आधी अंक शोधायचा, तो स्कॅन करायचा, आणि जे एकदा टाइप झालं होतं तेच यंत्राकडून पुन्हा ओळखून घ्यायचं. संगणकावर जन्मलेला मजकूर संगणकासाठी अनोळखी झाला.

यावर एक रास्त आक्षेप आहे : पण अंक तर राहिले ना? पुस्तकं छापली गेली. मग गेलं काय?

आक्षेपात तथ्य आहे आणि त्यातूनच खरा धडा मिळतो. अंक राहिले, कारण पाचशे प्रती पाचशे घरांत गेल्या. काही रद्दीत, काही वाळवीला, पण काही उरल्या. हे सात प्रतींचंच गणित. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड १८९८मध्ये काढला आणि पुढे एकूण २२ खंड झाले, ते घरोघरच्या रुमालांत बांधलेल्या मोडी कागदांच्या जिवावर. त्या कागदांची निगा कुणी राखली होती असं नाही. कागदाला एक सवय असते : तो हळूहळू मरतो. कोपरा खाल्ला गेला तरी मधलं वाचता येतं. मोडी येणारे कमी झाले तरी अक्षर डोळ्यांना दिसत राहतं, आणि शिकणारा कधीतरी भेटतो. फ्लॉपी एक तर असते, नाहीतर नसते. ती गेली आहे हेही बाहेरून पाहून कळत नाही.

आणि जे छापलं गेलं नाही, त्याला हा आधारही नव्हता. वगळलेले लेख, संपादकांना पाठवलेली पत्रं, छोट्या संस्थांच्या स्मरणिकांचे मूळ मसुदे. मोठ्या नावांसाठी माणसं धावून येतात. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या खेळाचा मूळ प्रोग्रॅम २०१२मध्ये जॉर्डन मेकनरच्या वडिलांना एका खोक्यात फ्लॉप्यांवर सापडला, तेव्हा जाणकारांनी खास यंत्रं आणून तो वाचवला. अ‍ॅंडी वॉरहॉलची १९८५मधली संगणकावरची चित्रं २०१४मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलनच्या संगणक क्लबने अशीच सोडवून आणली. ग्रीसविझल नावाचं छोटं सर्किट आज कुणालाही विकत घेता येतं. ते चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हने हात टेकलेल्या फ्लॉपीतूनही काही वेळा मजकूर निघतो. साधन आहे. नाही ती माढ्याच्या शिक्षकासाठी ते वापरायची व्यवस्था.

क्लाउड म्हणजे गोदाम नव्हे

आता कुणी म्हणेल, आपलं सगळं क्लाउडवर आहे, ही जुनी कटकट संपली. मला तसं वाटत नाही. चकतीचा दगा संपला हे खरं. मोठ्या कंपन्या एकाच फाइलीच्या अनेक प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात, ते गणित त्यांनी सोडवलं आहे. पण गेजचा प्रश्न तसाच आहे. पासवर्ड एका माणसाकडे, खातं एका कंपनीचं, फाइल अशा प्रकारची की ती दुसरीकडे उघडत नाही. ब्लॉग बंद पडतात, वेबसाइटचं भाडं भरायचं राहून जातं आणि दोन वर्षांचे अंक एका रात्रीत नाहीसे होतात. तुम्ही हे फोनवर वाचताय. हे पान दहा वर्षांनी उघडेल का, याचं उत्तर फ्लॉपीइतकंच अवघड आहे.

मराठी प्रकाशकांनी, नियतकालिकांनी, आमच्यासारख्या ऑनलाइन लिहिणाऱ्यांनी करण्याची कामं अवघड नाहीत, कंटाळवाणी आहेत. छपाईला गेलेल्या फाइलीशेजारी युनिकोडमधली साधी मजकूर-फाइल ठेवायची. दोन प्रती दोन शहरांत, दोन माणसांकडे. वर्षातून एकदा त्या उघडून बघायच्या, कारण न उघडलेली प्रत म्हणजे प्रत असल्याची नुसती समजूत. आणि घरात, दुकानाच्या माळ्यावर फ्लॉप्यांचा डबा असेल, तर तो याच वर्षी कुणाला तरी वाचायला द्यायचा. सोनीने २०११मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं. चांगले ड्राइव्ह दरवर्षी कमी होत आहेत आणि चकत्यांवरचा लेप कुणाची वाट बघत नाही.

गेज बदलत राहणार, ते कुणाला थांबवता येत नाही. आमच्या स्टेशनावर दोन गेजांमध्ये माल अडला नाही, कारण पाठीवर पोती घेऊन या फलाटावरून त्या फलाटावर जाणारी माणसं होती आणि त्यांना त्या हमालीची मजुरी मिळत होती. मराठी मजकुराची ही हमाली अजून कुणाच्या अंदाजपत्रकात नाही.